बेटावरचं गोडं पाणी आणि आपली हजार फुटी बोअर

विहिरी तळाला गेल्या की बेळगाव, चिकोडी, अथणी भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा आशय असा: "लक्षद्वीपला चारी बाजूंनी खारा समुद्र, तरी बेटावरच्या विहिरीला गोडं पाणी. म्हणजे जमिनीच्या पोटात गोड्या पाण्याच्या नद्या आहेत आणि त्या आटत नाहीत. आपल्याकडे तर पाऊस धो धो. बोअर हजार फूट न्या, पाणी लागणारच. भूजलाचं मोजमाप म्हणजे नुसता कागद."

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. बाकीच्या वाक्यांवर विसंबून कर्ज काढू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

"जमिनीच्या पोटात नद्या आहेत"

लक्षद्वीपची बेटं केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून जास्त आत आहेत आणि मध्ये खोल समुद्र आहे. तिथवर नदी जाणार कशी? त्या विहिरींमध्ये असतं ते बेटावरच पडलेल्या पावसाचं पाणी. पोवळ्याच्या वाळूत ते सरळ मुरतं. समुद्राच्या पाण्याचं वजन लिटरला साधारण 1025 ग्रॅम, गोड्याचं 1000. त्यामुळे हलकं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं. त्या थराचा आकार मसुराच्या दाण्यासारखा, मध्ये जाड आणि कडेला पातळ.

वजनातल्या या फरकावरून हिशेब निघतो. गोडं पाणी समुद्रपातळीच्या वर जितकं उभं असेल, त्याच्या सुमारे चाळीस पट ते खाली असतं. विहिरीतली पातळी समुद्रापेक्षा 30 सेंटिमीटर वर असेल, तर खाली जास्तीत जास्त 12 मीटर. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण भरती-ओहोटीने सीमेवर दोन्ही पाणी मिसळतं आणि मचूळ पट्टा तयार होतो. हाच हिशेब उलटाही चालतो. जोराचा पंप लावून पातळी 10 सेंटिमीटर खाली ओढली, तर विहिरीखालचं खारं पाणी चार मीटरपर्यंत वर चढू शकतं. एकदा विहीर खारी झाली की पुढच्या पावसांनी ती धुऊन निघेपर्यंत वाट पाहावी लागते.

म्हणून बेटावर आधी मोजतात, मग उपसतात. पाऊस किती पडला, त्यातला झाडांनी आणि उन्हाने किती घेतला, उरलेला किती मुरला, हे आधी काढतात. वेगवेगळ्या खोलीच्या नळ्या पुरून प्रत्येकीतल्या पाण्याची विद्युतवाहकता तपासतात (पाणी जितकं खारं तितकी ती जास्त), म्हणजे गोडं कुठे संपतं ते कळतं. मुरलेल्यातला काही भागच उपसायचा, तोही एका खोल बोअरमधून नाही. उथळ, पसरट विहिरींमधून थोडा थोडा. तरीही पुरत नाही. लक्षद्वीपमधल्याच कवरत्तीला 2005 साली समुद्राचं पाणी गोडं करणारा, दिवसाला एक लाख लिटरचा प्रकल्प उभारावा लागला. न आटणारी नदी खाली असती, तर तो कशाला उभारला असता?

"आपल्याकडे पाऊस धो धो"

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला धो धो, अथणीला नाही. आणि खानापुरातही जास्त पाऊस म्हणजे जास्त साठा असं होत नाही. तिथल्या जांभ्यात पाणी लवकर शिरतं आणि उतारावरून तितक्याच लवकर ओढ्यानाल्यांत निघून जातं. श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर होळीनंतर तळ दाखवते ती यामुळे.

चिकोडी, अथणीकडे काळ्या बसाल्टचे थर आहेत. वर मुरूम, मध्ये मांजऱ्या नावाचा सच्छिद्र दगड, त्याखाली अखंड कातळ, पुन्हा तोच क्रम. देशभर भूजलाच्या अंदाजासाठी जी पद्धत वापरतात तिच्यात झिजलेल्या बसाल्टमध्ये पावसाचा साधारण 7 टक्के भाग मुरतो असं धरतात, सच्छिद्र आणि फटींच्या बसाल्टमध्ये 13 टक्के. आणि या खडकातून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम 2 टक्के.

एक एकर, म्हणजे 4047 चौरस मीटर घ्या. पावसाळ्यात पातळी 4 मीटर वर आली. 4047 गुणिले 4 गुणिले 0.02, म्हणजे 324 घनमीटर, सव्वातीन लाख लिटरच्या आसपास. उसाला वर्षाला 1800 मिलिमीटर पाणी धरलं आणि 500 पावसाने दिले, तर एकरी 1300 मिलिमीटर, म्हणजे साडेबावन्न लाख लिटर विहिरीतून काढायचे. एका एकर उसाला सोळा एकरांखालचं पाणी लागतं, आणि त्यातले पंधरा एकर शेजाऱ्यांचे असतात.

"हजार फूट न्या, पाणी लागणारच"

खडकात पाणी असतं ते फटीत आणि झिजलेल्या थरात. खोल जाऊ तसा वरच्या दगडाचा भार वाढतो, फटी मिटतात. बहुतेक पाणीदार फटी पहिल्या शंभर-दोनशे मीटरांतच सापडतात. त्याखाली कधी फट लागतेही, पण तिच्यात खूप जुनं, साठलेलं पाणी असतं; उपसलं की भरून यायला वर्षं लागतात. ग्रॅनाइट-नाइस या कठीण खडकांच्या पट्ट्यात अशा खोल पाण्यात फ्लोराइड असू शकतं, म्हणून लिटरला 1.5 मिलिग्रॅमची मर्यादा तपासल्याशिवाय ते पिऊ नये. विजेचंही बघा. 300 मीटरवरून, म्हणजे हजार फुटांवरून, हजार लिटर उचलायला साधारण दोन युनिट लागतात, 15 मीटरच्या विहिरीतून एक दशांश युनिट.

आणि "दोन इंची पाणी लागलं" हे नीट समजून घ्या. बोअरवाले त्रिकोणी खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजतात. काटकोनी खाचेत एक इंच म्हणजे ताशी पाचशे लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे 2900. दुप्पट नाही, साडेपाच पटींहून जास्त. शिवाय कॉम्प्रेसर चालू असताना फटीतलं साठलेलं पाणी एकदम बाहेर येतं. तो आकडा वर्षभर टिकत नाही.

"मोजमाप म्हणजे नुसता कागद"

सरकारी अंदाजात उपसा वर्षाला उपसता येण्याजोग्या पाण्याच्या 70 टक्क्यांपर्यंत असेल तर सुरक्षित, 90 पर्यंत अर्धचिंताजनक, 100 पर्यंत चिंताजनक, त्यापुढे अतिशोषित. पण तो मोठ्या क्षेत्राचा सरासरी आकडा. तुमच्या शिवारात काय चाललंय ते तुम्हालाच मोजावं लागेल, आणि त्याला खर्च फार नाही.

विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि कायम तिथूनच मोजा. वजन बांधलेली टेप सोडा, शेवटच्या हातभर भागाला खडू लावा; भिजलेल्या रेषेवरून पातळी अचूक कळते. मोटार रात्रभर बंद ठेवून पहाटे मोजा, नाहीतर पातळी खोटी दिसते. वर्षातून किमान दोनदा: मेअखेर आणि पाऊस संपल्यावर. चार-पाच शेजाऱ्यांनी एकाच दिवशी मोजलं तर पाणी कोणत्या बाजूला उतरतंय तेही दिसतं.

बोअर असेल तर एप्रिलमध्ये तपासा, सप्टेंबरात नको. दोनशे लिटरचं बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते दर तासाला लिहा, आठ तास. दुसऱ्या तासाला 60 सेकंद आणि आठव्याला 110 सेकंद लागत असतील, तर दुसऱ्या तासाचा आकडा विसरा आणि मोटार आठव्या तासाच्या हिशेबाने, ताशी साडेसहा हजार लिटरची बसवा. मोटार बंद केल्यावर पातळी पूर्ववत यायला किती तास लागले तेही त्याच वहीत लिहा. हे तास दरवर्षी वाढत असतील, तर दुसरी बोअर मारू नका, उसाची एक पट्टी कमी करा.