आयसीयूच्या दाराबाहेरच्या माणसांशी बोलायचे कोणी?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांची रुग्णालयाला आठवण होते ती फक्त औषधे आणायची असतात, पैसे भरायचे असतात किंवा सही हवी असते तेव्हा. दार अर्धवट उघडते, पेशंटच्या नावाचा पुकारा होतो, हातात चिठ्ठी पडते आणि "आता कसं आहे?" हे विचारून होण्याआधी दार लागलेले असते. छत्रपती संभाजीनगरमधील एका खासगी रुग्णालयात आई व्हेंटिलेटरवर असताना आम्ही भावंडांनी हे रोज सोसले, आणि तो संताप अजून उतरलेला नाही.

सकाळचे डॉक्टर "सुधारणा आहे" म्हणत, रात्रपाळीचे डॉक्टर "काही सांगता येत नाही" म्हणत, आणि ज्यांच्या नावावर आई दाखल होती ते मोठे डॉक्टर मागच्या दाराने राउंड घेऊन निघून जात. गेवराईकडचे एक शेतकरी शेजारीच सतरंजी टाकून असायचे. त्यांची पत्नी आत होती. "क्रिएटिनिन वाढलंय, सॅच्युरेशन मेन्टेन होत नाही, इथं सही करा," एवढेच त्यांना सांगण्यात आले. इंग्रजीत छापलेल्या कागदावर सही करून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, हे चांगलं म्हणावं का वंगाळ?" गावाकडून लेकीचा फोन येत होता आणि तिला काय सांगावे हे त्या माणसाला कळत नव्हते. बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून माणसे इथे येतात, दागिने मोडून डिपॉझिट भरतात, आणि आपले माणूस जगेल की नाही हे त्यांना औषधाच्या चिठ्ठ्यांवरून ताडावे लागते, याची कोणालाच लाज कशी वाटत नाही?

नातेवाइकांना काय हवे असते, हे काही गूढ नाही. अमेरिकेतील परिचारिका नॅन्सी मोल्टर यांनी १९७९ मध्येच अत्यवस्थ रुग्णांच्या नातेवाइकांपुढे ४५ गरजांची यादी ठेवून कोणती गरज किती महत्त्वाची, हे विचारले होते. आशा वाटावी, प्रश्नांना खरी उत्तरे मिळावीत, दिवसातून एकदा तरी माहिती मिळावी आणि ती समजेल अशा शब्दांत मिळावी, या गरजा वरच्या क्रमांकावर होत्या. त्यांतल्या कशासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागते? आपल्याकडेही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेत पहिलाच हक्क माहितीचा आहे, तीही रुग्णाला कळणाऱ्या भाषेत. आणि महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आमच्या रुग्णालयात ती बिलाच्या काउंटरमागे होती, वाचता येणार नाही इतक्या लांब.

डॉक्टरांवर कामाचा ताण असतो, हे मला मान्य आहे, आणि आत रात्रभर राबणाऱ्या सिस्टरांबद्दल माझी तक्रार नाही. पण चिठ्ठी द्यायला दिवसातून अनेकदा दार उघडता येत असेल, तर दहा मिनिटे बोलायलाही ते उघडता आले पाहिजे. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच डॉक्टरांनी, बसून, मराठीत सांगावे: काल काय झाले, आज काय करणार, धोका किती, उद्याचा खर्च किती. वाईट असेल तर वाईट सांगावे. रात्री प्रकृती बिघडली तर फोन करावा, आणि शुद्धीवर नसलेल्या माणसाचाही हात धरायला घरच्यांना आत सोडावे. हे मागताना "जास्त प्रश्न विचारायचे असतील तर पेशंट दुसरीकडे हलवा" असे आम्हाला सुनावले गेले. व्हेंटिलेटरवरचे माणूस कुठे हलवायचे, हेही मग त्यांनीच सांगावे.