आडनाव डॉट इन

आपल्या घरचे फोटो परक्यांच्या क्लाउडवर कशाला, अशा बाणेदारपणाने मी आमच्या आडनावाचं डॉट इन डोमेन विकत घेतलं. विकत म्हणायचं एवढंच. दरवर्षी भाडं भरायचं, नाहीतर आडनाव पुन्हा बाजारात. मग चपलांच्या कपाटावर रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवला, त्यात नेक्स्टक्लाउड हे घरच्या घरी क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि बाहेरच्यांना आत यायला राउटरमध्ये ४४३ नंबरचं पोर्ट, म्हणजे दार, उघडलं. घराबाहेरून मात्र काही म्हणता काही दिसेना.

शोधाशोध केल्यावर कळलं की आम्ही सीजीनॅटमागे आहोत. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, ते केव्हाच पुरेनासे झाले. म्हणून नेटवाले एकाच पत्त्यामागे पुष्कळ घरं कोंबतात, हेच ते सीजीनॅट. अख्ख्या चाळीला एकच दार, आणि आलेल्याला कुठल्या खोलीत पाठवायचं हे सांगायला कोणी नाही. राउटरमधला आयपी, म्हणजे हा इंटरनेटवरचा पत्ता, १००.६४ ते १००.१२७ यांत कुठेतरी असला की समजावं, आपण चाळकरी. ही पट्टी २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवली आहे.

कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, नेट चालू आहे ना?"

"आहे. पण मला बाहेरून आत यायचंय."

"सर, तुम्ही आत्ता बाहेर आहात का?"

दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला, वायर काढून परत खोचली, "आता बघा" म्हणाला आणि गेला. शेवटी जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी, म्हणजे आमच्या एकट्याचा कायमचा पत्ता, घेतला.

मेलबर्नहून बहिणीचा फोन आला, "फोटो मस्त दिसतायत!" आणि कपाटापासून चार फुटांवर बसलेल्या आईला काही दिसेना. घरातूनच घराचा बाहेरचा पत्ता विचारला की आमचा राउटर गांगरतो. आई बिचारी वायफाय बंद करून, मोबाइल डेटा जाळून, चार फुटांवरचे फोटो बघायची. त्यावर उपाय म्हणजे घरापुरता वेगळा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा. तोही मी त्याच रास्पबेरी पायवर बसवला. म्हणजे आता पाय बंद पडला की फोटोच काय, कुठलीच साइट कोणाच्याही फोनवर उघडत नाही.

हे बायकोला मीटिंगच्या मध्यावर समजलं, कारण आईने इस्त्रीसाठी प्लग काढला होता. त्या प्लगवर मी ‘काढू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळी तिच्याखाली आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘मग इस्त्री कुठे करायची ते पण लिही.’