अळंबीचं दुखणं

मे महिन्यातल्या एका सकाळी आमच्या हॉलमधल्या अळंबीने तोंड मिटलं, ते काही केल्या उघडेना.

अळंबी म्हणजे खरं तर प्रवाळ. लेदर कोरल म्हणतात तो मऊ प्रकार. देठावर पसरलेली छत्री, आणि छत्रीवर सकाळी दिवा लागला की शेकडो बारीक केसर बाहेर येऊन डुलू लागतात. आमच्या शेजारच्या वहिनींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काचेला नाक लावून विचारलं, "अळमीं! शेंकडो कितल्याक?" फोंड्यात पावसाळ्यात रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळंबी शेकड्याच्या हिशोबाने विकली जातात, त्यामुळे प्रश्नात चूक नव्हती. तेव्हापासून घरात तिचं नाव अळंबी.

गोव्यात शोभेचे मासे पाळणं हा तसाही चमत्कारिक प्रकार. घरी येणारा प्रत्येक पाहुणा टाकीसमोर उभा राहतो तो बाजारात टोपलीसमोर उभा राहिल्यासारखा. एक जून ते एकतीस जुलै, मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत तर आमच्या दोन क्लाउनफिशकडे लोक ज्या नजरेने बघतात ती मला आवडत नाही. पोलिसांनी बघावं अशा नजरेने बघणारेही आहेत. त्यांना सांगावं लागतं, की वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत ते कडक प्रवाळ. त्यांना मी हात लावत नाही. माझं मऊ आहे. बिल कपाटात आहे.

तर, तोंड मिटलं. केसर आत, छत्री सुरकुतलेली, वर मेणासारखा थर.

पहिला संशय उष्णतेवर. प्रवाळाच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं आणि उजेडात अन्न तयार करून भाडं चुकवतं. पाणी फार तापलं की प्रवाळ या भाडेकरूला घराबाहेर काढतो, स्वतः पांढराफटक पडतो आणि मग उपाशी मरतो. पण आमची अळंबी तपकिरीच होती, आणि थर्मामीटर सत्तावीस दाखवत होता. कारण एप्रिलपासूनच मी टाकीवर पंखा लावला होता. पंख्याने पाणी गार राहतं, फक्त ते उडतं. रोज दोन लिटरचा जग भरून वरून ओतावा लागतो. ते काम आईकडे होतं. म्हणजे इकडे काळजी नव्हती.

मग तपासण्या. दिवाणखान्यात सिरिंजा, इवल्या बाटल्या आणि रंगांचे तक्ते मांडून बसलो. अमुक द्रावणाचे सहा थेंब, एक मिनिट हलवा, पाच मिनिटं थांबा, मग तो निळा आहे की निळसर हिरवा यावर बायकोशी भांडा. नायट्रेट ठीक. फॉस्फेट ठीक. क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी, साडेआठ, कुणालाही दाखवावी अशी. कॅल्शियम उत्तम. रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि पेशंट मरणपंथाला, अशा केसमध्ये डॉक्टर जसा गंभीर होतो तसा मी गंभीर झालो.

दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ सालापासूनची. तिथे फोन लावावा असं दोनदा वाटलं. पण 'माझी अळंबी तोंड उघडत नाही' हे ऑपरेटरने कुठल्या विभागाला जोडून द्यायचं? शेवटी ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना लावला.

"खाते का?"

"तोंड मिटलंय."

"शेण बघितलं?"

"तेही तोंडातूनच करतात हे लोक. एकच वाट असते."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, की म्हैस असती तर ते लगेच निघाले असते.

चौथ्या दिवशी मी आयोडीनचा उपाय काढला. टाकीतलंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्यायचं, चहासारखा रंग येईपर्यंत पोव्हिडोन आयोडीन टाकायचं आणि रुग्णाला काही मिनिटं त्यात धरून हलवायचं. भांडं म्हणून मी आमटीचा टोप घेतला. यावर बायकोने जे भाषण केलं त्याचा प्रवाळाशी संबंध नसल्याने देत नाही. आंघोळीनंतर अळंबी आणखीच आक्रसली. तिला वास्कोसमोरच्या ग्रांदे बेटाजवळचे तिचे भाऊबंद आठवले असावेत. पावसाळाभर नद्यांचं गढूळ पाणी सोसतात, पण निदान कुणी टोपात घालत नाही.

आई एवढा वेळ पदराला हात पुशीत बघत होती. म्हणाली, "दृष्ट लागलीय. त्या वहिनींचीच." आणि मीठ-मिरच्या मुठीत घेऊन टाकीवरून तीनदा ओवाळली.

"आई, मीठ आत पडेल गं!"

"चिमटीभराने काय व्हायचंय?" ती म्हणाली. मला तिथेच थांबायला हवं होतं.

मडगावला एक मित्र आहे, माझ्याआधीपासून या नादात वाया गेलेला. त्याला सगळे आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "आणि मीठ?" मला राग आला. मीठ मी स्वतः मोजून कालवलं होतं. मागे मिठागरांचा अख्खा प्रदेश असताना किलोला मटणाचा भाव देऊन आणलेलं परदेशी मीठ! पण खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. थेंब टाकला, उजेडाकडे धरलं. हवा होता १.०२६, दिसला १.०३१.

उपकरण बिघडलं, हे उघड होतं. शून्यावर आणायला आरओचं पाणी लागतं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तिथे आई टाकीसाठीचा जग भरत होती. भरून झाला. मग तिने कोपऱ्यातली बरणी पुढे ओढली. आगरवाड्याकडून येताना दरवर्षी आणतो ते जाडं गावठी मीठ. त्यातली एक मूठ जगात गेली, पळीने ढवळली गेली, आणि आईने बोट बुडवून चव घेतली.

मी दाराला धरून उभा होतो.

"हे रोज घालतेस?"

"मग! समुद्रातली जित्राबं, त्यांना अळणी पाणी कसं द्यायचं? तुला काही कळत नाही." मग माझा चेहरा बघून, "जास्त नाही रे. चवीपुरतं."

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची घालायची, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे, रोज मूठभर. हिशोब केला तर दीडशे लिटरच्या टाकीत किलोभर मीठ जास्तीचं. क्षारता म्हणजे खारटपणा नव्हे; नुसत्या मिठाने ती हलत नाही, म्हणून माझे सगळे रिपोर्ट झकास.

खारट आमटीत बटाटा टाकतात तसा झटपट इलाज इथे चालत नाही. खारटपणा एकदम उतरला तर त्याचाच धक्का बसतो. आठवडाभर रोज तीन लिटर खारं पाणी काढायचं, तेवढंच आरओचं घालायचं. सहाव्या दिवशी तो मेणाचा थर एका कडेने सुटला. मी पाण्याचा प्रवाह वाढवला, तसा तो दुधावरच्या सायीसारखा अख्खा वाहून गेला. दुसऱ्या दिवशी केसर बाहेर.

मडगावकराला आनंदाने कळवलं. तो म्हणाला, "अरे, लेदर मधूनमधून अशी कात टाकतेच. कदाचित तिला काही झालंही नसेल." त्याला मी अजून फोन केलेला नाही.

आईने वहिनींना सांगितलंय, की दृष्ट काढल्यावर सात दिवसांत गुण आला. जग अजून तीच ओतते, साध्या पाण्याचा. ओतायच्या आधी टाकीजवळ क्षणभर थांबते आणि माझ्याकडे वळून विचारते, "बिचारीला आजही अळणीच?"