दोनाचे चार

लग्न न करता दोनाचे चार करायचे असतील तर विम हा प्रोग्रॅम लिहायचा एडिटर उघडावा. आपण विमआरसीत, म्हणजे विमच्या सेटिंग्जच्या फाईलीत, स्वच्छ लिहितो, ‘सेट शिफ्टविड्थ=2’, म्हणजे ओळ ढकलली की दोनच घरं आत जावी. पायथन भाषेतल्या प्रोग्रॅमची फाईल उघडून ओळ आत ढकलतो, तर ती चार घरं आत जाते. विमआरसी पुन्हा बघतो, तिथं दोनच. बेळगावकराचा संशय अशा वेळी सवयीनं सरकारवर जातो, पण यात ना बंगळूरचा हात आहे ना मुंबईचा.

विमआरसी वाचून होते आधी. मग फाईल उघडते, विम तिच्या नावावरून तिचं गोत्र, म्हणजे फाईलटाइप, ठरवतो आणि त्या गोत्राची एफटीप्लगिन, म्हणजे विमसोबत आलेली त्या गोत्राच्या सेटिंग्जची फाईल, चालवतो. लग्नाच्या बैठकीत मानपानापासून जेवणाच्या पानांपर्यंत सगळं ठरल्यावर आत्या तोंड उघडते आणि तेच कायम होतं, तशी ही एफटीप्लगिन. पायथनवाल्यांचा शिरस्ता चार स्पेसचा, म्हणून ती चार लावते. तुम्ही आपली ओळ विमआरसीत वर न्या, खाली न्या, तीनदा लिहा. आत्या अजून आलेलीच नसते.

म्हणून भांडायच्या आधी नाव विचारावं. फाईल उघडी ठेवून ‘:व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ?’ टाका. प्रश्नचिन्ह विसरायचं नाही. ही किंमत शेवटी कुठल्या फाईलीनं ठरवली, तिचा पत्ता येतो. नव्या आवृत्त्यांत ओळीचा नंबरसुद्धा. इतकं सरळ उत्तर आमच्याकडं कुठल्या खिडकीवर मिळतं, सांगा की ओ!

पत्ता एफटीप्लगिनचा निघाला, तर आत्यानंतर बोलायची सोय आहे. होम फोल्डरातल्या ‘.विम’मध्ये ‘आफ्टर’, त्यात ‘एफटीप्लगिन’, त्यात ‘पायथन.विम’ आणि त्यात एकच ओळ: ‘सेटलोकल शिफ्टविड्थ=2 सॉफ्टटॅबस्टॉप=2’. सॉफ्टटॅबस्टॉप म्हणजे टॅब दाबल्यावर किती घरं, आणि सेटलोकल म्हणजे फक्त या फाईलीपुरतं. फाईलीला एक्स्टेन्शनचं नाही, फाईलटाइपचं नाव द्यायचं. ‘पीवाय.विम’ ठेवलीत तर तिला कोणी चहासुद्धा विचारत नाही. ‘सेटलोकल’च्या जागी नुसतं ‘सेट’ लिहिलं तर पुढं उघडलेल्या साध्या फाईलींनाही दोनचा संसर्ग होतो.

सी भाषेतल्या प्रोग्रॅमची फाईल वेगळा छळ करते. ‘//’ची कॉमेंट, म्हणजे माणसासाठीची टीप, लिहून एंटर दाबा, पुढच्या ओळीवर ‘//’ हजर. ती सवय फॉरमॅटऑप्शन्स या सेटिंगमधल्या आर या अक्षराची. ‘ओ’ कमांडनं नवी ओळ उघडली तर तेच काम ओ हे अक्षर करतं. ही अक्षरं काढायची ओळही त्याच ‘आफ्टर’मध्ये, ‘सी.विम’ नावानं. दोन्ही अक्षरं जोडून काढू नयेत. ती यादीत त्याच क्रमानं शेजारीशेजारी असली तरच निघतात. एकेक काढावं. हा नियम मदतपानात छापलेला आहे, म्हणजे तो कोणी वाचत नाही.

आणि काहीच लागू होत नसेल तर? नुसतं ‘:फाईलटाइप’ टाका. डिटेक्शन (गोत्र ओळखणं), प्लगिन, इंडेंट (ओळ आपोआप आत घेणं), तिन्हीपुढं ‘ऑन’ हवं. आठव्या आवृत्तीपासून एक गंमत आहे: तुमची विमआरसी नसते तोवर विम आपली डीफॉल्ट फाईल वाचतो आणि हे सगळं चालू असतं. ओळींचे नंबर दिसावेत म्हणून एका ओळीची विमआरसी केलीत की ती डीफॉल्ट फाईल रुसते, वाचलीच जात नाही. बऱ्याच ठिकाणी रंगही जातात. विमआरसीत ‘फाईलटाइप प्लगिन इंडेंट ऑन’ आणि ‘सिंटॅक्स ऑन’ लिहिलं की राग निवळतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपनं हिशेबाच्या फाईलींना ‘.कुंदा’ अशी शेपूट लावली, तर विमला ते गोत्र माहीत असायचं कारण नाही. त्यासाठी ‘.विम’मधल्या ‘एफटीडिटेक्ट’ फोल्डरात ऑटोकमांड, म्हणजे अमुक फाईल उघडली की तमुक कर असा हुकूम, लिहावी लागते. जोडून लिहिलेलं ‘सेटफाईलटाइप’ भिडस्त. टाइप आधीच ठरलेला असेल तर गप्प बसतं. ‘सेट फाईलटाइप=’ सरळ बदलून टाकतं. टाइपचं नाव मात्र रोमन अक्षरांतच हवं. देवनागरीत ‘कुंदा’ लिहिलंत की ई474 हा एरर येतो, आणि कन्नडमध्ये लिहिलंत तरी तोच. पाटीवर वर कोणती लिपी, हा वाद विमनं दोघांनाही सारखं हाकलून मिटवलाय.