पुलावर माती टाकली की जंगल उगवतं?

"हायवेवर पूल बांधा, वर माती टाका, पुढचं जंगल निसर्ग आपोआप उभं करतो." वन्यप्राण्यांसाठी बांधलेल्या परदेशी हिरव्या पुलांच्या व्हिडिओखाली हे वाक्य फिरतंय. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण वाक्य चुकीचं आहे.

'माती टाका.' पुलावरच्या मातीखाली पाणी अडवणारा थर असतो, त्याखाली काँक्रीट. भूजलाशी तिचा संबंधच नाही. पाऊस ओसरला की ती शेजारच्या जमिनीआधी सुकते, वाऱ्याला उघड्या असलेल्या कडा सगळ्यात आधी.

'आपोआप.' सर्वांत घातक शब्द हाच. उघड्या, उकरलेल्या मातीत आधी तण येतं. आपल्याकडे गाजरगवत, तरोटा, मागोमाग घाणेरी. शिवाय खालून सतत वाहनं जातात आणि बी वाहून आणतात. बर्लिनमध्ये महामार्गाच्या बोगद्यांत गाड्यांतून सांडलेलं बी गोळा केलं, तर सापडलेल्या जातींपैकी साधारण निम्म्या बाहेरून आलेल्या निघाल्या. घाणेरीनं एकदा बस्तान बसवलं की तिच्या जाळीखाली गवत टिकत नाही. मग चितळानं पुलावर खायचं काय?

लॉस एंजेलिसजवळ ॲगोरा हिल्सला दहा पदरी रस्त्यावर वन्यप्राण्यांसाठीचा वॉलिस ॲनेनबर्ग पूल उभा राहतोय. काम २०२२ मध्ये सुरू झालं, वर माती पडायला २०२५ उजाडलं. तोवर आसपासच्या डोंगरांतून हातानं बी वेचून खास रोपवाटिका केली. मुळांना साथ देणाऱ्या स्थानिक बुरशीचाही विचार झाला. भोवतालच्या टेकड्या बाहेरून आलेल्या काळ्या मोहरीनं व्यापल्या आहेत; पूल नुसता सोडून दिला असता तर तीच वर चढली असती.

'जंगल.' दाट झाडी म्हणजे यश, असंही नाही. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या अभ्यासात ग्रिझली अस्वलं, लांडगे आणि एल्क हरणांनी महामार्ग ओलांडायला रुंद, मोकळे मार्ग पसंत केले. काळी अस्वलं आणि कूगर (मार्जारकुळातला मोठा शिकारी प्राणी) अरुंद, बंदिस्त मार्गांकडे वळले. म्हणजे पुलावर झुडपं वाढून मोकळी जागा आकसली, तर ये-जा करणारे प्राणीही बदलू शकतात. काही भाग गवताळ राखायचा तर दरवर्षी माणसांनी राबावं लागतं.

समृद्धी महामार्गावरही प्राण्यांसाठी असे पूल आहेत. तिथे झाडं किती लावली हा आकडा मला पुरेसा वाटत नाही. पाचव्या पावसाळ्यानंतर वर कोणतं गवत उरलंय, आणि गाजरगवत फुलायच्या आत ते उपटायचं काम कोणाकडे दिलंय, हे सांगा.