अर्धा रिकामा खोका

परवा अर्ध्या दिवसाची रजा टाकून, नऊ-साडेनऊ किलोचा काचेचा खोका छातीशी धरून मी बोरिवलीहून ग्रँट रोडला गेलो. तिथे एका पोराने चार सेकंदांत माझ्याकडून तीनशे रुपये घेतले. चार सेकंद मी मोजलेत. तेवढ्यात माझी रिक्षासुद्धा यू-टर्न घेत नाही.

खोका म्हणजे माझा नवीन कॉम्प्युटर, मी स्वतः जोडलेला. सीपीयू म्हणजे खरं तर आतली मुख्य चिप, प्रोसेसर; पण अख्ख्या खोक्याला 'सीपीयू' म्हणणाऱ्यांत महिनाभरापूर्वीपर्यंत मीही होतो. आता कोणी तसं म्हटलं की आत कुठेतरी दुखतं.

वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या होत्या, जुना कॉम्प्युटर एक फोटो उघडायला चहा होईपर्यंत वेळ घ्यायचा, म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. बायको म्हणाली, मॉलमध्ये तयार मिळतो. भाचा म्हणाला, "मामा, तयार घेणारे लोक वेगळे." या वाक्याला मी बळी पडलो. तयार डब्यात रॅमची, म्हणजे मेमरीची, एकच पट्टी घालतात, एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, स्वस्तातला टाकतात, मोठ्या कंपन्यांचे मदरबोर्ड, ज्यावर बाकी सगळं बसतं ते, तर असे वेडेवाकडे असतात की पुढे दुसरा बसतच नाही, असं त्याने पटवून दिलं. ते खरंही आहे, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर आज त्याला फोन करून शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग तीन आठवडे मी एक्सेलमध्ये यादी केली. मुलीच्या लग्नाची यादीसुद्धा मी एवढ्या निगुतीने केली नव्हती. प्रोसेसर घेतला आय५-१२४००एफ. शेवटचा 'एफ' नीट वाचा, पुढे त्याचं काम आहे. एफ म्हणजे या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, चित्र दाखवायला वेगळं कार्ड लावावं लागतं. कार्ड घेणारच होतो, म्हणून एफ घेऊन दीड-दोन हजार वाचवले आणि दोन दिवस घरात त्याच आनंदात वावरलो. ते वाचलेले पैसे रॅमने व्याजासकट नेले. यादी केली तेव्हा साडेचार हजारांना असलेली रॅम घ्यायला गेलो तेव्हा अकरा हजारांच्या पुढे होती. जगभरची मेमरी म्हणे एआयची डेटा सेंटरं ओढून नेतायत. कुठल्यातरी यंत्राला कविता करायच्या आहेत, म्हणून माझ्या वडिलांचे फोटो महागले.

खरेदीबद्दल फार सांगत नाही. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, भाव तोंडी सांगतात, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून देतात आणि "बिल पाहिजे?" असं विचारतात, जणू मी त्यांची किडनी मागतोय. बिल हवं म्हटलं की अठरा टक्के जीएसटी चढतो आणि चेहऱ्यावरचं हसू तेवढंच उतरतं. (रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते टॅक्सीवाल्याला सांगून बघा, तो तुम्हाला उतरवून पुढे जाईल. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता, त्याआधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला होता. तिकडे लॅमिंग्टन नावाचा केक मिळतो, खोबऱ्याचा कीस लावलेला. त्यांच्या वाट्याला केक आला, आमच्या वाट्याला एसएमपीएस.)

जोडायला एक रविवार गेला. प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये १७०० पिना असतात आणि वरची दांडी दाबताना असा करकर आवाज येतो की हात आपोआप देवघराकडे जोडले जातात. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला त्याच्यावर लावायचा लेप, वाटाण्याएवढी लावायची की मोहरीएवढी, यावर जगात दोन तट आहेत. मी मध्यममार्गी, हरभऱ्याएवढी लावली. मागची पत्र्याची पट्टी सगळ्यात आधी बसवायची असते, हे सगळं बसवून झाल्यावर कळलं. तरी रात्री साडेदहाला बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, दिवे लागले, निळे, जांभळे, गणपतीच्या मखरासारखे. स्क्रीनवर मात्र काही नाही. काळा. 'नो सिग्नल.' बायको काही बोलली नाही. ते जास्त वाईट असतं.

रविवारी लॅमिंग्टन रोड बंद, म्हणून ही रजा. आणि नऊ किलोची काच घेऊन लोकलच्या साध्या डब्यात चढणं म्हणजे आत्महत्या, म्हणून मालडबा.

मालडब्यात डबेवाल्यांचे क्रेट होते, एक माणूस प्लायवूड घेऊन उभा होता आणि दारापाशी, सुक्या मासळीच्या दोन पाट्यांमध्ये, एक कोळीण बसली होती. गोराईची. अंबाड्यात अबोली, नाकात फुली, आणि नजर अशी की आपण पिशवीत काय आणलंय ते तिला आधीच माहीत. माझा खोका तिच्या बोंबलांच्या शेजारी टेकला तशी तिने काचेवर टिचकी मारली.

"मासं पालतस?"

"नाही हो मावशी, कॉम्प्युटर आहे."

"मावशी कोनाला बोलतस? केस बघ तुझं."

प्लायवूडवाला हसला. मी ताई म्हणालो. ताईंनी मग काचेला नाक लावून आत पाहिलं, कांदिवली येईपर्यंत पाहिलं.

"कवढ्याला घेतलास?"

आता इथे खोटं बोलायला हवं होतं. पण तीन आठवडे ज्या आकड्यासाठी घासलो तो कोणालातरी सांगायचाच होता. म्हणालो, "बासष्ट हजार."

"बासष्ट!" एवढ्या मोठ्याने, की डबेवाल्यांची गाणी थांबली. "आरं, यो तर अर्धा रिकामा हाय!"

मी म्हटलं, हवा खेळायला जागा लागते, आत गरम होतं.

"हवा मी बी इकीन मग. पाटी अशी अर्धी भरून दिली ना, तर बाया मला मारतील. अर्धी पाटी हवा, आन् घे बासष्टाला!" आणि तिने प्लायवूडवाल्याकडे पाहिलं. त्याने तिच्या बाजूने मान हलवली. माणसाने प्लायवूड आतून भरीव विकावं, तो का नाही हलवणार.

"तयार होता का वाटं लावून घेतलास?" तिने विचारलं.

हे मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं: सगळा एकत्र घेतलास की एकेक वेगळा? अहो, हाच प्रश्न! भाच्याने तीन आठवडे जो विषय मला चार्ट काढून समजावला तो या बाईने एका वाक्यात मांडला होता. मी अभिमानाने सांगितलं, एकेक वस्तू वेगवेगळ्या दुकानातून निवडून घेतली आणि घरी स्वतः जोडली.

"आन् आता चालत नाय."

"नाही."

"मंग भांडायला कोनाकडं चाललास?"

मी गप्प. मालाड गेलं. मी मनात हिशोब केला. प्रोसेसरची वॉरंटी तीन वर्षं, एका कंपनीची. एसएमपीएसची पाच, दुसरीची. रॅमची दहा, तिसरीची. मदरबोर्ड, कार्ड, एसएसडी, सगळ्यांची वेगवेगळी बिलं, वेगवेगळी सर्व्हिस सेंटरं. सगळं एका वेळी बंद पडलं तर सहाजण एकमेकांकडे बोट दाखवणार. तयार घेतला असता तर एक फोन केला की माणूस घरी आला असता. एकच वर्ष आला असता, पण आला असता.

"तयार घेतलास तं त्याच्या डोक्यात घालता येतो," ती म्हणाली. "आता कोनाच्या डोक्यात घालशील? सोताच्या?"

एक डबेवाले काका मग आमच्यात आले. माझ्याजवळच्या प्रोसेसरच्या रिकाम्या बॉक्सवरची अक्षरं वाचून त्यांनी विचारलं, "हे येफ कशाचं?" मी समजावलं. ते म्हणाले, "बरोबर. आमच्यातबी एक अक्षर चुकलं तर जैनाच्या टेबलावर मटान जातं." मग कौतुकाने माझा खांदा थोपटला. जोगेश्वरीला ताईंनी पाटी आवरायला घेतली. मरोळच्या बाजाराला चालल्या होत्या. अंधेरीला उतरताना काचेवर शेवटची टिचकी मारून म्हणाल्या, "चालला नाय तं सांग. नातवाला मासं ठेवायला नेईन. पाचशे देईन." आणि उतरल्यावर, फलाटावरून: "साडेचारशे. काच घासलेली हाय."

ग्रँट रोडला पोचलो तेव्हा दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. काउंटरवरचा पोरगा वीस-बावीसचा, कानात एक इअरफोन. त्याने खोका फिरवला, मागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "घरी केबल कुठे लावली होती?"

मी बोट दाखवलं. मदरबोर्डच्या पोर्टवर, वरच्या. तो पोर्ट तिथे असतो, स्वच्छ, रुंद, निमंत्रण दिल्यासारखा. पण प्रोसेसर एफ. ग्राफिक्सच नाही, तर त्या पोर्टातून चित्र येणार कुठून? मॉनिटरची केबल खाली, कार्डावरच्या पोर्टात लावायची असते. हे मला माहीत होतं. एक्सेलमध्ये लिहिलं होतं. त्या एफवर मी मालडब्यात व्याख्यान देऊन आलो होतो.

त्याने त्यांच्या मॉनिटरची केबल खालच्या पोर्टात खुपसली. स्क्रीन उजळली.

"चेकिंग चार्ज तीनशे."

मी म्हटलं, चेकिंग काय केलंस? तो म्हणाला, "चेक करून कळलं ना?" यावर उत्तर नाही. मला अजून सुचलेलं नाही, आणि तीन दिवस मी त्याच्यावरच काम करतोय. डॉक्टर पाचशे घेतो, पण निदान नाडी तरी धरतो, जीभ दाखवायला लावतो. माणसाचा पार मूर्खपणा झाला असेल तर त्याला दोन मिनिटं उगाच इकडचा-तिकडचा स्क्रू पिळून दाखवायला काय जातं? आणि बोर्ड बनवणाऱ्यांनाही, एवढ्या १७०० पिना बसवता, तर त्या पोर्टावर 'इथे लावू नका' एवढं छापायला शाई महाग आहे का? वर तो पोरगा पैसे मोजताना म्हणाला, "काका, नेक्स्ट टाइम रेडीमेड घ्या."

घरी आलो, खोका टेबलावर ठेवला, केबल खाली लावली. चालू झाला. बायको हॉलमध्ये आली.

"काय झालं होतं?"

"मदरबोर्डचा प्रॉब्लेम होता."

"वॉरंटीत होता ना? मग पाकिटातले तीनशे कुठे गेले?"

"जाताना टॅक्सी केली शेवटी. काच आहे, गर्दीत कुठे नेणार."

तिने मान डोलावली. तेवढ्यात आतले तिन्ही पंखे जोरात फिरायला लागले, आणि ती स्वयंपाकघराकडे जाता जाता दारातच थांबली.

"टॅक्सीत बोंबील होते?"