क्रॅगसाइड एका दुपारीत झालं नाही

इंग्लंडच्या नॉर्थंबरलंडमधल्या क्रॅगसाइड या टोलेजंग घराच्या फोटोखाली तीन दावे फिरतात: हा ट्यूडर राजघराण्याच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासचा वाडा, वास्तुविशारद नॉर्मन शॉ यांनी तो एका दुपारीत आखला, आणि विजेचा दिवा लागलेलं हे जगातलं पहिलं घर.

ट्यूडर तर नाहीच. तोफा आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन बनवणारे उद्योगपती विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८६३ मध्ये इथे सुट्टीसाठी छोटंसं घर बांधायला घेतलं. लाकडी पट्ट्यांचे त्रिकोणी माथे आणि उंच धुराडी नंतर शॉ यांनी आणली, तीही दक्षिण इंग्लंडच्या जुन्या घरांवरून.

पाहुणे शिकारीला गेले आणि ते परतेपर्यंत शॉ यांनी सगळा आराखडा काढून ठेवला, हा किस्सा १८६९ चा. रेखाटन झालंही असेल, पण आजचं घर त्या एका कागदातून आलेलं नाही. काम पुढे सुमारे १५ वर्षं चाललं. आधी वाचनालय, जेवणघर आणि खाली तुर्की हमाम. मग मनोरा आणि चित्रदालन. दिवाणखाना तर १८८४ मध्ये, युवराजांच्या भेटीच्या वेळी पुरा झाला. कड्याच्या अंगाने घर एकेक खोलीने लांबत गेलं, म्हणूनच त्याचं छप्पर असं वेडंवाकडं आणि देखणं आहे. दिवाणखान्यातली सुमारे १० टनांची संगमरवरी शेकोटी शॉ यांचे सहायक लेथबी यांची. ‘एका दुपारी’च्या गोष्टीत त्यांचं नावच उरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

राहिली वीज. १८७८ मध्ये चित्रदालनात आर्क दिवा (दोन कार्बन कांड्यांमधल्या ठिणगीवर पेटणारा) लागला आणि १८८० च्या अखेरीस संशोधक जोसेफ स्वान यांचे काचेच्या गोळ्यातले दिवे आले. पण स्वान यांनी गेट्सहेडमधल्या स्वतःच्या घरात तसे दिवे आधीच लावले होते. क्रॅगसाइडचा मान वेगळा आहे: इथली वीज पाण्यावर तयार होत होती. आर्मस्ट्राँगनी ओढ्याचं पाणी अडवून टर्बाइन फिरवलं, आणि तारा घरापर्यंत आणल्या.

मला सर्वांत आवडते ती वाचनालयातली सोय. तिथले दिवे मिनाकाम केलेल्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवले होते. येणारा प्रवाह बैठकीतल्या पाऱ्यातून तारेने वर दिव्यात जायचा, आणि परतीचा प्रवाह फुलदाणीच्या तांब्यातूनच खाली, धातूच्या बैठकीत उतरायचा. बटण नव्हतंच. दिवा विझवायचा, तर फुलदाणी उचलायची.